पिवळ्या डोक्याची जनावरं

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्यासारख्यानं संशोधनावर लिहावं की नाही, हे ठरवायलाच मला फार दिवस लागले. चुकलं तर माफ करा. पण हे दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

आणीबाणी उठली त्या वर्षाची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत बाहेरून एक मोठे डॉक्टर आले होते. सरांनी सगळ्यांची ओळख करून दिली. माझ्यापाशी आल्यावर पाहुण्यांनी हात पुढे केला. सर हसून म्हणाले, "राहू द्या. त्याचे हात भेज्याचे आहेत."

सगळे हसले. मीही हसलो. त्याची लाज अजून जात नाही.

मी एम.एस्सी. होऊन सरांच्या मार्गदर्शनाखाली संशोधनाला लागलो होतो. विषय मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी शरीरावरच उलटतात, नसांवरचं आवरण खातात. माणूस हळूहळू अधू होतो. तसा आजार गिनीपिगांमध्ये निर्माण करायला बकऱ्याचा मेंदू तेलात घोटून टोचावा लागे. सदर बाजारातल्या खाटकाकडून तो मी आणायचो. सायकलला डबा अडकवून. माझ्याबरोबरच लागलेला सरांचा भाचा कधी गेला नाही. "तुमच्या लोकांना सवय असते," सर म्हणाले होते. माझे वडील उमरेडला मागावर धोतरं विणत. आमच्या घरात कोणी जनावर सोललं नव्हतं.

जनावरांच्या खोलीत सर पाऊल ठेवत नसत. वासानं आंघोळ करावी लागते म्हणत. दारात उभं राहून विचारत, मी आतून सांगायचो.

मागचे पाय ओढणारं पहिलं गिनीपिग पाहिलं तेव्हा मी खाली बसलो. माझी मोठी बहीण तशीच चालायची. आधी एक डोळा अंधारला, मग पाय गेले. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, पण पायाखालची पावडी दाबली जात नसे. म्हणायची, "पाय हायेत गा, पण माहे नाही वाटून राहिले." तिला हाच आजार होता का, कोणत्याही डॉक्टरनं सांगितलं नाही. कोणी नीट तपासलंच नाही.

पेशींना सवय होऊन त्या उलटू नयेत म्हणून काही जनावरांना मी आधीपासून मेंदूच्या अर्काचे बारीक डोस देत होतो. त्यांच्या डोक्याला पिवळा रंग लावला. ज्यांना दिले नाहीत, त्यांच्या पाठीला. मग सगळ्यांना आजार टोचला. पिवळ्या पाठीची लुळी पडली. पिवळ्या डोक्याची चालत राहिली. रंग डोक्याला की पाठीला, जनावर चाललं की लुळं पडलं, एवढंच मी रोज वहीत लिहायचो. डोक्यावरचा रंग कशाचा, पाठीवरचा कशाचा, ते मात्र पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीवर होतं.

पाहुणे गेल्यावर सरांनी वही मागितली. प्रबंध भाचा लिहील म्हणाले. आणि उद्या भेजा लवकर आण.

मी म्हणालो, "भेजा आणणार नाही, सर. आणि वहीतलं अक्षरही याच हातांचं आहे."

त्यांनी वही ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं नाही. शिपाई गणपतदादांनी नंतर सांगितलं, पिंजरे त्याच दिवशी धुवून काढले. चिठ्ठ्यांसकट. रंग कशाचा होता, हे विचारायला माझ्याकडे कोणी आलं नाही. मला विचारणं त्यांना जमणारं नव्हतं.

मी उमरेडला शाळेत मास्तर झालो. बहीण त्याच हिवाळ्यात गेली.

दोन वर्षांनी गणपतदादा एसटीनं आले, छापलेला लेख घेऊन. वर सर आणि भाचा. माझं नाव कुठंच नव्हतं. ते मी गिळलं असतं. पण लेख उलटा होता. त्यांनी रंगांचा अंदाज बांधला होता. लिहिलं होतं, आधी डोस दिलेली जनावरं लुळी पडतात, हा मार्ग सोडून द्यावा.

मी संपादकांना तीन पत्रं लिहिली. काल उत्तर आलं. मार्गदर्शकांच्या सहीशिवाय विचार करता येत नाही.

सही मागायला मी त्या दारात जाणार नाही. वही माझ्याकडे नाही, पुरावा नाही, कोणी ऐकेल असंही वाटत नाही. तरी जिथं कागद मिळेल तिथं मी हेच लिहीन. पिवळ्या डोक्याची चालत होती. मी आत होतो. मी पाहिलं आहे.