न बोललेला नवस

मी देवीच्या दारात गेले ती खोटं बोलून. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या खोट्यावरच उभं आहे. माझे वडील शिरूरच्या बाजारात धान्य मापायचे. आमच्या घरात सही करणारी पहिली मी आणि बी.ए. झालेलीही मीच. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे. कॉलेजात असताना मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. देवावर राग म्हणून नव्हे. जे समजत नाही त्यापुढे वाकायचं नाही, एवढाच तेव्हाचा बाणा होता.

लग्न होऊन दौंडला आले. यजमान रेल्वेत फिटर, त्यामुळे राहायला रेल्वेचं क्वार्टर. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी मला फुलासारखं जपलं. मी मुळातच अंगानं जाड. जड बाईनं उठबस केली की पोटातल्या बाळाला धक्का लागतो, अशी घरातल्यांची समजूत होती. म्हणून खाटेवर निजायचं आणि दोघांचं जेवायचं. डिंकाचे लाडू, शिरा, भातावर तुपाची धार. प्रेमानं भरवणाऱ्यांना नाही तरी कसं म्हणणार? आठव्या महिन्यात हातपाय सुजले, दोन दिवस डोकं दुखत होतं, ‘गरोदरपणात असं व्हायचंच’ म्हणून मी पडून राहिले. तिसऱ्या दिवशी झटके आले. मी वाचले, बाळ पोटातच गेलं. मुलगा होता, असं मला नंतर सांगण्यात आलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा पुन्हा दिवस राहिले. माझं वय तीस, वजन चौऱ्याऐंशी किलो. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, “तुम्ही आजारी नाही, गरोदर आहात. वजन उतरवायला जाऊ नका, उपाशी तर मुळीच राहू नका. पण दोघांचं जेवण बंद. भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक. मीठ बेतानं, गोड सणावाराला. आणि रोज सकाळी चाळीस मिनिटं चाला. चालता चालता बोलता आलं पाहिजे, दम लागला तर थांबायचं. पंधरा दिवसांनी ब्लडप्रेशर दाखवून जायचं.”

ऐकायला किती सोपं! पण त्या काळी आमच्या बाजूला बाईनं नुसतं चालायचं म्हणजे काय, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक नसावं. बाई रस्त्यानं निघाली की डोईवर हंडा असायला हवा, नाहीतर काखेत धुणं, नाहीतर हातात पिशवी. रिकाम्या हातानं जाऊन रिकाम्या हातानं परत येणारी बाई लोकांना कोड्यात टाकते. पहिल्या दिवशी चार जणांनी विचारलं, “कुठं निघालात?” दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायका म्हणाल्या, “बाई, गाडी चुकली काय?” तिसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक ओरडली, “अगं, फाटक लावा, मालगाडी आली!” आणि हंडे सोडून सगळ्या हसल्या. घरी येऊन मी रडले. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. त्या चुलीपुढून म्हणाल्या, “मी कवापास्नं सांगत हुते. लोक मलाच बोलतील. सासूनं पोटुशीला ढोरागत फिरवली म्हणतील. उद्यापास्नं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा न्हाई.”

त्यावेळी माझ्या तोंडून जे निघालं ते आधी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणाले, “आत्या, मी नवस बोललेय. ओढ्याच्या पलीकडं बाभळीखाली देवी आहे ना, तिच्याकडं रोज पायी येईन म्हणून.”

ती जागा मी निवडली होती ती अंतर बघून. क्वार्टरपासून तिथवर जाऊन-येऊन बरोबर चाळीस मिनिटं. शेंदूर फासलेला एक तांदळा, डोळे ना नाक, नुसता गोल दगड. कुठली देवी याची मी चौकशीही केली नव्हती.

आत्यांच्या हातातली फुंकणी खाली पडली. “बाभळीखालची? अगं, ती सटवाई! लेकरू झाल्यावर तिच्या पाया घालत्यात. लेकराचं नशीब लिहिती ती. पोटुशी बाई तिच्या वाटंला बी जात न्हाई. कुनी सांगितला तुला ह्यो नवस?”

आता माघार कशी घ्यायची? मी म्हणाले, “तीच स्वप्नात आली. रोज ये म्हणाली.”

आत्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या आणि भाकरी थापायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात कागदाच्या पुडीत हळदकुंकू होतं आणि दाराशी माझ्या वहाणा सरळ मांडून ठेवलेल्या होत्या.

एका खोट्यानं किती वाटा मोकळ्या होतात, याचं मला नवल वाटायचं. दोन दिवसांत नळावर बातमी गेली. मालगाडी म्हणणारी बाईच आता हंडा बाजूला घेऊन वाट देऊ लागली. कुणी ओटीचे तांदूळ माझ्याकडे द्यायचं, कुणी ‘माझ्या लेकीचं बी सांगा’ म्हणायचं. मग मी देवीच्या नावावर डॉक्टरीणबाईंचं पथ्यही खपवायला सुरुवात केली. देवीनं लाडू नको सांगितलेत. देवीनं भात थोडा सांगितलाय. मीठ कमी सांगितलं त्या दिवशी मात्र आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “अळनी खा म्हनली? ही देवी हाय का डाक्टरीन?” मी हसू दाबत ताक प्यायले. पण खरं सांगायचं तर अंगाला बरं वाटत होतं. झोप लागत होती, पाय हलके झाले होते. पाचव्या महिन्यात ओढ्याच्या चढावर थांबावं लागायचं, सहाव्यात तो चढ मी बोलत बोलत चढू लागले.

बोलत म्हणजे गऊमावशीशी. ती मला देवीपाशी भेटली. एके दिवशी गेले तर बाभळीखाली एक म्हातारी बसलेली. नदीकाठच्या वस्तीवरची, काटकुळी, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं मला उभं करून सगळीकडून निरखलं, बाजारात म्हैस बघतात तसं.

“तूच का ती? सटवाईनं बोलावलेली?”

“हो.”

“मी सुईण हाय. म्हंजी हुते. आता हात कापत्यात. अर्धा मुलूख माझ्या हातावर जलामलाय, पन सटवाईनं आधी बोलावल्याली बाई कवा ऐकली न्हाई. म्हनलं, बघून तर यावं कशी दिसती.”

“मग कशी दिसते?”

“जाडी,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

त्यानंतर ती रोज यायची. परतताना ओढ्यापर्यंत सोबत करायची. मला कशातही कुतूहल फार, आणि तिला सांगायची हौस. बाळ आडवं आहे हे हाताला कसं कळतं, नाळ कशानं बांधायची, कुठल्या बाईला घरी ठेवायचं नाही, दवाखान्यातच धाडायचं. ती मला शाळेत काय शिकलीस ते विचारायची आणि इतिहासातल्या राण्यांना किती मुलं झाली, त्यातली किती जगली, हे खोदून खोदून विचारायची. मला ते येत नसे. “मग काय शिकलीस?” म्हणायची. देवीला मात्र मी नावापुरता हात लावायचे. मनात आपली डॉक्टरीणबाईंची चाळीस मिनिटं.

आठवा महिना लागला. उसाचा हंगाम सुरू झाला होता, रस्त्यानं गाड्यांची रांग असायची. चार दिवसांपूर्वीच ब्लडप्रेशर दाखवून आले होते, ठीक होतं. त्या सकाळी उठले तीच डोकेदुखी घेऊन. कपाळात ठणके पडत होते. यजमान ड्यूटीवर. आत्या म्हणाल्या, “आज ऱ्हाऊ दे. मी हितनंच हात जोडते.” मलाही पडावंसं वाटत होतं. आधीच्या खेपेला असंच डोकं दुखलं होतं, हे आठवायला हवं होतं. पण भीती वाटते तेव्हा माणूस नेमकं तेच आठवत नाही. मी पांघरूण ओढलं. तेवढ्यात शेजारीण दारात आली. तिच्या लेकीचं बारसं होऊन आठवडा झाला होता, लेकीला ताप होता. तिनं खण आणि नारळ पुढं केला. “बाई, आजच्या आज पोचवा. तुमचं ती ऐकती.”

तुमचं ती ऐकती! मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठलेच. त्या बाईचा नारळ खोटं बोलून घरात ठेवण्याएवढी माझी छाती नव्हती. हळूहळू निघाले. चाळीस मिनिटांच्या वाटेचा निम्मा तुकडा मला त्या दिवशी संपेना.

गऊमावशीनं मला लांबूनच बघितलं. नारळ हातातून घेतला आणि बाजूला ठेवला, देवीपुढेही नाही. “काल तोंड असं न्हवतं.” माझा हात धरला. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, मला कळलंही नव्हतं. तिनं मला बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच.

“डोस्कं दुखतंय?”

“हो.”

“डोळ्यापुढं काजवं?”

मी मान हलवली. तेव्हा मला आधीची खेप आठवली.

“ऊठ न्हाई म्हनत मी. बस हितंच. आता एक पाऊल चालायचं न्हाई,” म्हणून ती म्हातारी लुगडं सावरत रस्त्याकडे पळाली. कारखान्यावरून रिकामी परतणारी एक बैलगाडी तिनं आडवी उभी राहून थांबवली. गाडीवान कुरकुरला, “मावशे, बैल दमल्यात. आन् बाईमानूस ह्या गाडीत?” गऊमावशी कडाडली, “तुला पायाळू असताना म्याच वढून काढलाय भाईर, गप गाडी वळीव!” त्यानं गाडी वळवली. उसाच्या पाचटावर मला डाव्या कुशीवर निजवून ती उशाशी बसली आणि वाटभर माझ्या कपाळावर पदरानं सावली धरली.

डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं. मग अंधाऱ्या खोलीत ठेवलं, इंजेक्शनं सुरू केली. ज्यांच्या हट्टानं मी इतके महिने चालले त्याच आता बोटही हलवू देईनात. एकोणीस दिवस मी एका कुशीवर निजून होते. करण्यासारखं माझ्या हातात काहीच नव्हतं. नेम नाही, पथ्य नाही, अंतर नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाशी तरी म्हणाले, ‘आता तू बघ.’ कुणाशी, ते मला सांगता येणार नाही. समोर बाभळ होती एवढं आठवतं, डोळे मिटल्यावर दिसणारी.

मुलगी झाली. लहानशीच, पण पहिल्या श्वासाला अशी रडली की बाहेर आत्यांनी तिथूनच हात जोडले. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “चालल्यामुळं वाचले का?” त्या म्हणाल्या, “चालल्यानं अंगात ताकद राहिली. बाकी हे दुखणं चालणारीलाही होतं. त्या दिवशी तुम्ही घरी पडून राहिला असता तर मी काही करू शकले नसते.”

सव्वा महिन्यानं लेकीला सटवाईच्या पाया घालायला गेलो. आत्या नैवेद्यासाठी ओढ्याचं पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मी गऊमावशीला सांगून टाकलं. नवस बोललेच नव्हते. स्वप्न पडलंच नव्हतं. डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं आणि लोकांनी चालू द्यावं म्हणून मी देवीचं नाव घेतलं.

मला वाटलं, आता ही उठून जाईल. मग तिनं लेकीला माझ्या मांडीवरून उचललं.

“माझी तीन लेकरं हिनं न्हेली,” ती दगडाकडं मान वळवून म्हणाली. “सव्वा म्हैन्याच्या फुडं कुनी गेलं न्हाई. दुसऱ्यांची जगवली, माझी न्हाई. तवापास्नं हिच्याकडं फिरकले न्हवते. तुझं ऐकलं आन् लई जळले. म्हनलं, हिला बोलावती, मला कवा का न्हाई बोलावलंस? भांडायला आले हुते मी.”

“पण मावशी, तिनं मला बोलावलंच नव्हतं.”

“तुला नसंल,” गऊमावशी म्हणाली. “मी आले का न्हाई?”

लेक रडू लागली. तिनं तिला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर थोपटत बाभळीखाली फेऱ्या मारू लागली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी अजूनही कुठलंही कोडं सोडवल्याशिवाय पुढं न जाणारी बाई आहे. हे एक मात्र मी न सोडवता तसंच ठेवलं आहे. माझ्या खोट्यानं एक रागावलेली म्हातारी घराबाहेर पडली, शेजारणीच्या नारळानं मी बाहेर पडले, आणि आम्ही दोघी एकाच सकाळी एका दगडापाशी पोचलो. यातलं माझ्या शहाणपणानं झालं ते थोडंसं. चालणं माझं होतं, ते मी मन लावून केलं, आणि ते करायलाच हवं होतं. पण ज्या सकाळी पाय उचलत नव्हते त्या सकाळी मला कुणीतरी नेलं. आत्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही. त्या आपल्या देवीचं नाव घेतच राहिल्या. पूर्वी मला वाटायचं, न समजता वाकणं म्हणजे हार. आता वाकते तेव्हा प्रश्न तसेच घेऊन वाकते, आणि उत्तराची घाई करत नाही. तिनं माझ्या खोट्या शब्दाची लाज राखली, एवढं मला समजलं आहे. तेवढ्यावर माझं भागतं.