आपल्याच गल्लीत ड्यूटी

फौजेतली म्हातारी माणसं एकत्र बसली की किस्से कुठून कुठून गोळा होतात कोण जाणे! कुणाकडे बर्फाचे, कुणाकडे सरहद्दीचे. माझी पाळी आली की सगळे म्हणतात, "सावंत, तुझं ते लालबाग सांग!" इतकी वर्षं नोकरी केली, देशभर हिंडलो, पण सांगण्यासारखं निघालं ते त्या पाच-सहा दिवसांतलंच. आणि ती ड्यूटी होती माझ्याच घराच्या आसपास.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. गोळीबारात माणसं गेलेली, कर्फ्यू लागलेला, दुकानं बंद. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीला हुकूम आला: चाळींतून दूध, पाणी, औषधं वाटायची, आजारी माणूस इस्पितळात पोचवायचा. परळच्या एका शाळेत मुक्काम. तुकडीत सगळे पंजाबी, गढवाली. मराठी एकटा मी. म्हणून भोंगा माझ्या हातात!

•

पहिल्या दिवशी हवालदार कर्तारसिंगांनी भोंग्यातून हिंदीत पुकारा केला, "माताओं, दूध ले जाओ!" धडाधड खिडक्या बंद!

मग मी भोंगा घेतला. म्हटलं, आपल्या भाषेत बोलू. "बायांनो, दूध इलाहा, खाली येवा!"

तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी बोटभर उघडली. आतून बाईचा आवाज आला, "मालवणी मा रे तू?"

"होय गो!" मी खूश.

"मगे बंदूक घेवन कोणावर इलंस?"

खिडकी बंद. कर्तारसिंगांनी विचारलं, "क्या बोली?" मी म्हटलं, "थोड्या वेळानं येते म्हणाली."

•

नायगावच्या बीडीडी चाळीतून कळा सुरू झालेली एक बाई इस्पितळात न्यायची होती. बरोबर तिची सासू. ट्रक नाक्यावर पोचला आणि सासू ओरडली, "थांबवा! आता नाय पोचत!"

आम्ही आठ जवान खाली उतरलो. सासूनं एकेकाच्या हातात चादरीची कड दिली आणि दरडावलं, "तोंडं तिकडं! मी सांगेपर्यंत कुणी वळायचं नाही!"

तेवढ्यात आमच्या कॅप्टनसाहेबांची जीप आली. बघतात तर काय, त्यांची फौज भर नाक्यावर ट्रकला पाठ करून चादर धरून उभी! साहेब कडाडले, "सेक्शन, पीछे मुड!"

कुणी हललं नाही. मी तसाच पाठमोरा म्हणालो, "सर, आजींचा हुकूम नाही!"

बाळाचं रडणं ऐकू आलं तसे साहेबच वळून उभे राहिले.

पुढे इस्पितळाच्या दारात दोघी बाळाला घेऊन आत गेल्या. मुलगा की मुलगी, कुणी सांगितलं नाही. आम्ही बराच वेळ दारात उभे होतो.

•

एक दिवस गिरगावात टायफॉइडच्या लशीचं काम. रजिस्टरात नाव, पत्ता मी लिहायचा. एक रिटायर्ड मास्तर आले. धोतर, कोट, टोपी, सगळं टापटीप. म्हणाले, "पत्त्यात राज्य काय लिहिलंत?"

"मुंबई राज्य."

"खोडा. महाराष्ट्र लिहा. मग टोचा."

"गुरुजी, तसं राज्यच नाही अजून."

"मग माझा दंडही नाही," म्हणत त्यांनी बाही खाली केली.

त्यांना आधीच ताप भरला होता, की नुसता संतापच होता, मला कळेना. मी लिहिलं. संध्याकाळी साहेबांनी रजिस्टर तपासलं. "सावंत, ये महाराष्ट्र कहाँ है?"

"सर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला!"

•

माझी आई करी रोडला राहायची. घरी जायला सक्त मनाई होती. आमचा ट्रक त्या चाळीसमोर थांबला तेव्हा ती गॅलरीत दिसली. मी वर बघितलं, तशी ती आत गेली.

थोड्या वेळानं ती दुधाच्या रांगेत आली. पुढे शेजारीण, मागे शेजारीण. सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. चाळीतली दोन पोरं गोळीबारात जखमी होऊन पडली होती. तिला तिथंच राहायचं होतं, मला नाही.

भांडं पुढे करून ती म्हणाली, "दादा, अर्धा शेर."

मी दूध ओतलं. म्हटलं, "घ्या, बाई."

•

त्या दुपारी शाळेत जेवायला बसलो. पहिलीच्या पोरांची बुटकी बाकं, कर्तारसिंगांचे गुडघे हनुवटीला लागलेले. मी नुसतीच डाळ ढवळत होतो. ते बघून म्हणाले, "मैं लाहौर की तरफ का हूँ, सावंत. सब छोड़ के आए थे. कॅम्प में एक फौजी ने मुझे दूध दिया था."

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"कुछ नहीं." त्यांनी रोटी मोडली. "आज तक सोचता हूँ, क्या बोलना था."

•

शेवटचा दिवस. लालबागेत रस्त्यावरचा मोठा नळ फुटलेला, म्हणून पाण्याचा टँकर घेऊन गेलो. रांग लांब, पाणी थोडं. पन्नाशीची एक बाई पुढे आली. मी तिचा हंडा भरला. चार पावलं गेली, वळली, माझ्याकडे बघत सगळं पाणी गटारात ओतलं आणि रिकामा हंडा घेऊन परत आली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा हळूच म्हणाला, "काही बोलू नका. हिचा मुलगा गेला त्या गोळीबारात."

मी पुन्हा भरला. तिनं पुन्हा ओतला. टँकर तळाला येत चाललेला. तरी रांगेनं सरकून तिला पुढे जागा दिली.

मी तिसऱ्यांदा हंडा भरला. ती पाण्याकडे बघत राहिली. मग पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"उचलून दे," म्हणाली.

मी उचलून दिला.