दुसऱ्या मात्रेवरची टाळी

अक्का मंगळवारी सकाळी गेली. हॉस्पिटलचे कागद घेऊन मी घरी आलो तेव्हा अम्मा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. देवाशी माझा संबंध पुस्तकांपुरताच होता. त्या दिवसानंतर तोही नकोसा झाला.

माझी ही थोरली बहीण जॅझ गायची, आणि स्वतःची गाणी स्वतःच लिहायची. सोलापुरातल्या आमच्या तेलुगू विणकरांच्या गल्लीत हे कुणाला समजावणं कठीण होतं. लहानपणी सोमवारच्या भजनात बुवा तिच्यावर ओरडायचे, “पोरी, टाळी चुकती की तुझी!” चार मात्रांत सगळ्यांची टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडे, हिची दुसरीवर आणि चौथीवर. ती म्हणे, “तुमची झाली की माझी, बुवा. देवाला मधे जागा नको?” जॅझमध्ये टाळी तिथेच पडते; त्या चुकीवरच तिचं आयुष्य उभं राहिलं. पुण्या-बंगळूरच्या लहान सभागृहांत ती गायली. मराठीत तेलुगू मिसळून तिने दोन अल्बम केले; त्यांत वडिलांचा माग होता, एप्रिलातली दुपार होती. सिनेमाची गाणी म्हण, नाव होईल, असं सांगणाऱ्यांना ती हसून चहा पाजायची. आवाज मोठा नव्हता. पण एखादा शब्द ती असा उशिरा उचलायची की ऐकणाऱ्याला तो आपलाच वाटावा.

महिना झाला तरी अम्मा धड जेवत नव्हती. एवढंच म्हणाली, “तिनं देवासाठी लिहिलेलं ते एक गाणं देवळात होऊ दे. तू म्हण.” मी गाणारा नाही. शिवाय महिनाभर मी अक्काची गाणी लावलीच नव्हती. तिचा आवाज ऐकला तर ती गेली हे मान्य करावं लागेल, असं वाटायचं. तरी सोमवारी गाण्याचा कागद घेऊन देवळात उभा राहिलो. मंडळींनी मायेने, सवयीने पहिल्या मात्रेवर टाळी धरली आणि गाणं मोडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोडलं. अम्माने मान खाली घातली. मूर्तीकडे बघून मी मनात म्हणालो, आता तूच बघ. ती प्रार्थना नव्हती, मी थकलो होतो.

तेवढ्यात दारातून टाळी आली. दुसऱ्या मात्रेवर. उंबऱ्याबाहेर एक अनोळखी गृहस्थ उभे होते, टेंभुर्णीचे ट्रकचालक. सूत घेऊन शहरात आले होते. अक्काचं कळलं म्हणून घर विचारत निघाले, तर शेजाऱ्यांनी देवळात पाठवलं.

“थांबू नका सर, असंच हाय ते. आमी गाडीत रोज लावतो की.”

म्हातारे बुवा म्हणाले, “आत या आणि शिकवा आम्हाला. उगाच रागावलो पोरीवर.”

हळूहळू सगळ्यांच्या टाळ्या सरकल्या. शेवटचं कडवं मला म्हणवेना, तेव्हा ते अम्माने म्हटलं. तिला ते पाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

“सूत उतरवायचं ऱ्हायलंय,” म्हणून ते गृहस्थ निघून गेले. नाव विचारायचं राहिलं.

याला योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. दुःख एकट्याने पेलायचं असतं असं मी धरून बसलो होतो. माझ्या हातून ते सुटलं, तेव्हा धरायला इतके हात होते. ते ज्याने आणले, त्याच्यापुढे मी रोज हात जोडतो.

अम्मा आता दोन्ही वेळा जेवते. घरात आम्ही दोघं आहोत. संध्याकाळी मी अक्काची गाणी लावतो.