उभ्या कपाटाची वरात

लेकीच्या लग्नात आंदण कोणी मागितलं नव्हतं. ती हौस माझी. पुरुषभर आरशाचं लोखंडी कपाट, पलंग, गाद्या, आणि हे सगळं कोंढ्याहून पवनीला न्यायला घरचाच ट्रक. वाटेतल्या गावांनी त्या आरशात आपलं तोंड पाहावं आणि माझं नाव काढावं, एवढीच माझी माफक इच्छा.

अडचण ट्रकची होती. म्हातारा झाला होता. धानाची पोती घेऊन तलावाच्या पाळीवरच्या वळणाला आला, की असा कलायचा की पोती एका अंगाला सरकायची. चालवणारे आमचे हेच. म्हणून लग्नाआधी त्यांनी तो वरठीच्या एका मिस्त्रीकडे नेला. सोबत मी होतेच. माझ्या देखरेखीशिवाय जगात एखादं काम होऊ शकतं, यावर तेव्हा माझा विश्वास नव्हता.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. "काकू, उजव्या चाकावरच्या कमानीचे दोन पाटे तुटले, रबरी बुश पार घासून गेले. गाडी झोल नाही देईन तं काय करन?"

त्यानं पाटे बदलले, बुश नवे बसवले, दोन्हीकडच्या चाकांत हवा सारखी केली. निघताना म्हणाला, "आता झोल कमी होईल. पण जड माल खाली अन् आडवा ठेवजा. अन् वेग वळणाच्या आधीच कमी करजा."

यातलं 'झोल कमी होईल' तेवढं मी ऐकलं. बाकीचं ड्रायव्हरसाठी होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी हमालांकडून कपाट गाद्यांच्या थप्पीवर उभं करवलं, आरसा बाहेरच्या बाजूला.

"अवं, निजव ते कपाट," हे म्हणाले.

"काहून? आताच तं गाडी दुरुस्त केली!"

"दुरुस्त केली, जमिनीत नाही पुरली."

मी केबिनमध्ये जाऊन बसले. माझे बहुतेक वाद मी असेच जिंकत आले आहे.

गावाबाहेर पडेपर्यंत वाटेवरच्या दोन बायकांनी आरशात पाहून पदर नीट केला. माझी छाती फुगली. मग पाळीचं वळण आलं. ह्यांनी वेग आधीच कमी केला होता, तरी ट्रक एवढा कलला की मी दाराला चिकटले. मागून हमाल ओरडला, "काकाजी, कपाटाचा दोर सुटून राहिला!"

ह्यांनी गाडी थांबवली आणि चावी माझ्या हातात ठेवली. "घे, तूच चालव. मले तलावात आंघोळ नाही करायची."

लेकीच्या सासरी पहिल्याच दिवशी फुटका आरसा नेला, तर पवनीतल्या बायका त्याचे किती अर्थ काढतील, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. खाली उतरले. वर कपाट अजून डोलत होतं, आणि आरशात मीही डोलत होते, शालूसकट.

"निजवा," मी म्हटलं. इतकं हळू, की दोनदा सांगावं लागलं.

कपाट पलंगाशेजारी खाली आडवं झालं, भोवती गाद्या लागल्या, आणि तोच ट्रक ते वळण नव्या सुनेसारखा खालमानेनं पार करून गेला.

पवनीत विहीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना ट्रकच्या फळीच्या वर काहीच दिसेना. "कपाट निजवून काहून आणलं जी?"

"जुनी गाडी आहे ना, विहीणबाई," मी पदर सावरला. "पाटे कितीही नवे टाका, जड माल उंच ठेवला की वळणावर झोल देतेच. मी ह्यायले पहिल्यापासून सांगून राहिली होती."

हे पाठमोरे होऊन ट्रकचा मागचा फाळका उघडत होते. त्यांचे खांदे गदागदा हलत होते. फाळका फार जड आहे, असं मी विहीणबाईंना सांगितलं.