डिक्कीत बसलेली बेबीताई

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी मी एका जीपखाली उताणा पडलो होतो, तेव्हा बेबीताईच्या मुलीचा फोन आला. माझे हात ग्रीसचे, म्हणून गिऱ्हाइकानंच फोन माझ्या कानाशी धरला. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली. आदल्या संध्याकाळी बेबीताई चहा पिऊन, सकाळी ट्रॅक्टरचा स्टार्टर पाहते असं सांगून घरी गेली होती. झोपेतच हृदय थांबलं... जीपखालून बाहेर यायला मला बराच वेळ लागला.

बेबीताई मूळची वरवट बकालची. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली. अठरा वर्षांपूर्वी मलकापुरातल्या माझ्या गॅरेजात आली आणि म्हणाली, गाड्यांच्या वायरिंगचं काम तुम्हाले आवडत नाही असं ऐकलं, तं एक कोपरा मले द्या. खरंच होतं ते. इंजिन मी डोळे मिटून खोललं असतं, पण तारांचा गुंता दिसला की मला घाम फुटायचा. सुरुवातीला बाई गाडीला हात लावणार म्हणून लोक कचरायचे. पण ती हात लावायचीच नाही लवकर. आधी मालकाला बसवून विचारायची, बिघाड कधीपासून, धुतल्यावर होतो का, खड्ड्यात होतो का, आपोआप बरा होतो का. एखादा वैतागून म्हणायचा, ताई, गाडी पाहा ना. त्यावर ती शांतपणे सांगायची, "गाडीच तं पाहून राह्यली मी."

तिची आठवण निघाली की मला हटकून एक लग्न आठवतं. लग्न वडनेर भोलजीला, दुपारच्या मुहूर्ताचं. नवरीकडची मोठी गाडी रुखवतानं गच्च भरलेली. तिची डिक्की बटणावर उघडबंद होणारी, आणि नेमकी त्या सकाळी ती बिघडली. दार हळूच खाली यायचं, लॉक पकडायचं, मग टीं टीं करून पुन्हा वर जायचं. कुणीतरी दोरीनं बांधलं, तर मोटर दोरीशीच झटापट करू लागली. शेवटी गाव सोडायच्या आधीच एका गतिरोधकावर दोरी तुटली आणि रुखवतातले करंज्यांचे दोन डबे रस्त्यावर. गाडी माझ्या दारात आली. मी पाहताक्षणी छातीठोकपणे सांगितलं, लॉक गेलं. शेजारच्या दुकानातून नवं मागवून बसवलं. नवरीच्या भावानं बटण दाबलं. दार खाली आलं, टीं टीं केलं आणि वर गेलं... नवरीच्या वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बेबीताई तिच्या कोपऱ्यातून उठून आली. तिनं भावाला विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, आठवडाभर कधी कधी व्हायचं, आज सामान भरताना पन्नासदा उघडबंद केली तेव्हापासून दरवेळी. तिनं दार वर असतानाच स्क्रूड्रायव्हरनं लॉकची पकड फिरवली आणि मीटर लावला. सगळं ठीक. मग थोडा विचार करून ती सरळ डिक्कीत चढली, करंज्या आणि कापसाच्या बाहुल्यांच्या मधे मांडी घालून बसली, आतलं झाकण काढून दार चालवणाऱ्या कंट्रोलच्या डब्यापाशी मीटरच्या सुया धरल्या आणि म्हणाली, आणा खाली. दार तिच्या डोक्यावरून खाली आलं. आत अंधार, बाहेर आम्ही दहा-बारा माणसं श्वास रोखून... आतून तिचं खणखणीत हसू ऐकू आलं. दार पुन्हा वर गेलं तेव्हा तिच्या केसांत रुखवताची झिरमिळी अडकली होती.

"लॉक बंद होते, दिलीपभाऊ," ती म्हणाली. "पण बंद झालो असं सांगणारी तारच तुटली. तं डब्याले कसं कळन?"

छत आणि दाराच्या मधल्या रबरी नळीत, रोज वाकून वाकून, एक तपकिरी तार तुटली होती. दार वर असलं की टोकं चिकटायची, खाली आलं की सुटायची, आणि लॉक लागलंच नाही असं समजून डबा दार पुन्हा उघडायचा. म्हणून दार वर असताना मीटरवर सगळं ठीक दिसलं होतं. तिनं थोडी जास्तीची तार घालून जोड दिला, वर नळी चढवली. दार खाली आलं आणि खालीच राहिलं.

माझी मान खाली होती. नवरीचे वडील काही बोलणार, तोच ती त्यांना म्हणाली, "दिलीपभाऊनं नवं लॉक टाकून पाह्यलं म्हणून तं लॉकवरचा संशय गेला. अर्धं काम त्याईचंच हाय." इतकं साधं वाक्य. पण त्या दिवशी माझी पत तिनं राखली, आणि नंतर कधी एकांतातही ती गोष्ट काढली नाही.

सोबतच्या गाडीत बसलेल्या नवरीनं आम्हा दोघांना हट्टानं लग्नाला नेलं. बेबीताई ऑइलच्या डागांच्या साडीत पहिल्या पंगतीला बसली, आणि वऱ्हाडातल्या बायकांना ताटावरच हातवारे करून तुटलेली तार समजावत राहिली. तिची जिलेबी थंड झाली...

परवा गॅरेजला रंग द्यायला माणूस आला. बेबीताईच्या कोपऱ्यातली भिंत तिच्या पेन्सिलीच्या नोंदींनी भरलेली आहे. कुठली गाडी, कुठला बिघाड, कुठल्या रंगाची तार. त्यानं खरवडायला पत्रा उचलला, तसं मी म्हटलं, ही भिंत राहू दे. तो गेल्यावर स्टूल घेऊन मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. अगदी खाली, उंदराच्या बिळाजवळ, एक ओळ होती. 'दिलीपभाऊची स्कूटर. वायरिंग चांगलं. पेट्रोल नाही.'