हॉलमधला पाव मैल

आमचे हे, श्रीरंग पळसुले, चौतीस वर्षं जबलपूरच्या फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नाही हो, मालाचे! कारागिरानं पार्ट बनवायचा, ह्यांनी मापाचा गेज लावायचा आणि केसभर जरी कमी-जास्त निघालं तरी लाल खडूनं फुली मारायची. स्वतःच्या हातानं ह्यांनी जन्मात एक खिळा ठोकला नाही. घरातलं कॅलेंडर मी ठोकते, गणपतीचं मखर मी बांधते, आणि हे मागं उभे राहून सांगतात, "डावीकडं झुकलंय."

वर्कशॉपमधले लोक तोंडावर "साहब, साहब" करायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, "इनसे एक कील बनवाके दिखाओ." हे ह्यांच्या कानावर आलेलं होतं. रिटायर झाले तरी ते बोलणं काही जाईना. जेवतानासुद्धा मध्येच म्हणायचे, "विनीता, मला खरंच काही बनवता येत नसेल का गं?" मी म्हणायची, "पोळ्या बनवून बघा."

मग गेल्या दिवाळीत पुण्याहून प्रणोतीनं, आमच्या लेकीनं, एक व्हिडिओ पाठवला. लाकडी पट्टीत दोन सरळ खाचा. खाचेच्या दोन्ही अंगांना तांब्याची टेप, तिच्यातून करंट. बोटाएवढ्या गाडीच्या पोटाखालचा दात खाचेत बसवायचा आणि बटण दाबायचं. दोन गाड्या सुसाट सुटतात, जी आधी पोचेल ती जिंकली. दोन सेकंदांत खेळ खलास.

"झालं? एवढ्यासाठी?" मी विचारलं.

"एवढ्यासाठीच," हे म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की मी म्हटलं, मेलं संकट आलं घरात.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! फर्निचरवाल्याकडून बोर्डाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून करंटचा डबा काढला. डोअरबेलची दोन बटणं लावली. खरी शर्यत पाव मैलाची, आणि ह्या गाड्या खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या, म्हणून पाव मैलाला चौसष्टनं भागलं की वीस फूट साडेसात इंच. एवढी लांबी आमच्या विजय नगरच्या फ्लॅटमध्ये कुठून येणार? पट्टी हॉलमधून निघाली, बेडरूममधून गेली आणि बाल्कनीच्या दारात माझ्या उशीवर जाऊन थांबली. गाड्यांना थांबवायला उशीच पाहिजे म्हणे. तेव्हापासून मी घरात लंगडी घालतच फिरत होते.

बरं, बनवून मोकळे व्हावं की नाही? पट्टी कापायची, गेज लावायचा, आणि स्वतःच लाल फुली मारायची! मी म्हटलं, "काहून फेकून राहिले? चांगली तर दिसते."

"सूतभर सरकलीय."

"कोणाला दिसून राहिलं ते?"

"मला," असं म्हणून नवीन कापायला बसायचे. तीन वेळा सगळं उखडलं. चौथ्यांदा, फेब्रुवारीत, बोट फिरवलं तरी सांधा कळेना. आता आनंदानं गाड्या पळवाव्यात ना? छे! फॅक्टरीचा नियम आहे, बनवणाऱ्यानं स्वतःचा माल पास करायचा नाही. दुसऱ्याची सही लागते. म्हणून ह्यांनी कोणाला बोलवावं? शालिग्रामजींना!

महाराजपूरचे शालिग्रामजी म्हणजे ह्यांच्या फॅक्टरीतले, लेथवर पार्ट बनवणारे, नंबर एकचे टर्नर. ह्यांनी एकदा त्यांचा अख्खा लॉट नापास केला होता, त्यात त्यांचं प्रमोशन दोन वर्षं मागं गेलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मी म्हटलं.

"त्यांनी पास केलं तरच खरं," हे म्हणाले. फोन करताना दोनदा नंबर चुकला ह्यांचा. मला तेव्हा फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

शालिग्रामजी गावाला गेले होते, ते आले मे महिन्यात. आणि मेमध्ये जबलपूरला कूलर लावल्याशिवाय माणूस जगत नाही. मी आधीच म्हटलं होतं, "ओला वारा थेट पट्टीवर येतो, बोर्ड फुगेल."

"विनीता, मी चौतीस वर्षं मटेरियल तपासलंय."

तपासलंय, एसीच्या खोलीत! तिथं बारा महिने एकच हवा. घरात ऋतू बदलतात हे ह्यांच्या गावीही नाही.

रविवारी सकाळी शालिग्रामजी खिशात मापाची स्टीलची पट्टी घेऊन आले. दोन्ही गाड्या लागल्या, बटणं दाबली. हिरवी सुळकन उशीत गेली. लाल गाडीनं कूलरसमोरच्या सांध्यावर टुणकन उडी मारली ती थेट सोफ्याखाली.

शालिग्रामजी गुडघ्यावर बसले, सांध्यावर नख फिरवलं, खिशातली स्टीलची पट्टी धरली. "डेढ़ मिलीमीटर उठ गया है, साहब."

ह्यांनीच मुकाट्यानं खडू पुढं केला. मी मनात म्हणून राहिले, नको रे बाबा, नको मारूस. पण त्यांनी मारली. व्यवस्थित, ठसठशीत फुली.

हे सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "शालिग्रामजी, मैं जब आपका काम फेंकता था, तब आप क्या करते थे?"

"क्या करते साहब? घर जाके बीवी पर चिल्लाते थे."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर खोचून तयार. म्हटलं, ओरडून तर बघा, कूलरचं सगळं काढते बाहेर. पण हे उठले आणि म्हणाले, "चाय मैं बनाता हूँ."

अगं बाई! ह्यांनी गॅस पेटवायची ही पहिलीच वेळ. आतून डबे पडल्याचे आवाज येत होते. मी उठले तर शालिग्रामजींनी हातानंच बसा म्हणून खुणावलं.

चहा आला. दूध करपलेलं, आलं इतकं की घसा सोलून निघावा, आणि साखरेचा पत्ता नाही. शालिग्रामजींनी घोट घेतला. "बढ़िया है," म्हणाले.

मग हे माझ्याकडं वळले. ट्रे दोन्ही हातांत घट्ट धरलेला, डोळे माझ्या तोंडावर. तोंडात टोमणे अगदी तयार होते, चांगले चार-पाच. मी कप रिकामा केला आणि पुढं धरला.

"अजून आहे का हो?"