एका घंटीवर थांबणारा माणूस

नरसिंगने एकतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली एकोणीस नांदेड-लातूर या एकाच रस्त्यावर. घरात मात्र तो कुणाच्या सांगण्यावरून कधी थांबला नाही. त्याच्या बसचा कंडक्टर शेषेराव त्याच्या बायकोला, नागुबाईला चिडवायचा, "वहिनी, घरी तुमचं ऐकत न्हाई ना? बसमंदी माझं ऐकतो बघा. एक घंटी मारली की पाय ब्रेकवर, का म्हणून इचारत न्हाई. दोन मारल्या की निघाला." नागुबाई हसायची आणि मनात म्हणायची, असली घंटी बाजारात मिळत असती तर लग्नातच घेतली असती.

जानेवारीत घर हलवायचं ठरलं. मुलगा आनंदराज बेंगलोरला नोकरीला लागला होता. सामानाचा ट्रक घेऊन तो आदल्या दिवशीच पुढे गेला. मागे राहिलेल्या चौघांनी नरसिंगच्या जुन्या मोटारीतून जायचं होतं: तो, नागुबाई, सून विशाखा आणि पाच वर्षांची नात लुंबिनी. पहिला मुक्काम निलंग्याला, नरसिंगच्या बहिणीकडे.

एक गोष्ट मात्र नागुबाईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. नरसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. नेत्रशिबिरातल्या डॉक्टरने ऑपरेशन होईपर्यंत गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं, तेव्हा बाहेर येऊन त्याने चिठ्ठी फाडली होती. "पोराला सांगितलंस तर तो चावी काढून घेईल. मग परमुलखात मी काय करू? दारात बसून चपला राखू?" तिला त्याची दया आली आणि ती चार महिने गप्प बसली. आता त्याच दयेची तिला भीती वाटत होती. मागच्या सीटवर नात असणार होती.

निघताना तिने खडा टाकून पाहिला. "आव, विशाखाला द्या की जरा. तिनं क्लास लावून लायसन काढलंय."

"लायसन कागदाचं असतंय," नरसिंग म्हणाला. "हा रस्ता माझ्या पायाला ठाऊक हाय."

पुढच्या सीटवर नागुबाई बसली, भाकरी-दहीभाताचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन. लोहा यायच्या आधीच नरसिंग म्हणाला, "आता लोहा." मग "आता माळाकोळी." लुंबिनीला फार मौज वाटली. "आबा, एवढ्या लांबून पाटी वाचता तुम्ही?" तो पाटी वाचत नव्हताच. पाठ म्हणत होता.

अहमदपूरजवळ पाठ चुकला. त्याच्या ध्यानात तिथे एक चिंच होती आणि चिंचेपासून उजवीकडे वळण. तो निवृत्त झाल्यावर रस्ता रुंद झाला, चिंच गेली, वळणही गेलं. मधोमध आलेला दुभाजक त्याला दिसला नाही. चाक कर्रकन घासलं, गाडी हेलकावली, आणि मागून येणारा ट्रक हॉर्न देत अंगावरून गेल्यासारखा गेला.

"मामा, मी घेऊ का थोडा वेळ?" विशाखाने विचारलं.

"खड्डा होता," नरसिंग म्हणाला. रस्ता तुळतुळीत होता. विशाखाने सासूकडे पाहिलं आणि सासूने खिडकीबाहेर.

लातूरला चहाला थांबले. नरसिंगने बशीत ओतलेला चहा निम्मा टेबलावर गेला. विशाखा पोरीचं तोंड धुवायला गेली होती, तेवढ्यात नागुबाई म्हणाली, "आता सांगते मी तिला."

"सांग. मी इथूनच एसटी पकडून नांदेडला माघारी जातो. तुमी जावा बेंगलोरला."

आणि तो गेलाही असता, हे तिला माहीत होतं. रिकाम्या घरात जमिनीवर झोपला असता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. लुंबिनीला दहीभात भरवून तिने डबा बंद केला आणि चमचा हातातच धरून गाडीत बसली.

निलंग्याच्या वाटेला लागेपर्यंत दिवस कलला होता. मागे मायलेकींचा डोळा लागला. कारखान्यांचा हंगाम, त्यामुळे रस्त्यावर उसाचा पाचोळा पडलेला. नरसिंग बहिणीच्या हातच्या वरणाबद्दल बोलत होता. समोर, रस्त्यातच, उसाने खच्चून भरलेली एक ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर सोडून नेलेला. मागे ना दिवा, ना लाल फडकं.

आता दिसेल त्यांना, नागुबाईला वाटलं. आता दिसेल. नरसिंग वरणातल्या लसणापर्यंत पोचला होता आणि त्याचा पाय हलत नव्हता.

ओरडावं, तर हा आधी मान वळवून भांडणार आणि मग पुढे बघणार. अडतीस वर्षांचा अनुभव होता तिला. तिने हातातला चमचा डब्याच्या झाकणावर हाणला. एकदाच.

नरसिंगचा पाय ब्रेकवर गेला. का म्हणून त्याने विचारलं नाही. गाडी करकचून थांबली तेव्हा उसाची टोकं काचेला टेकली होती. वरून एक कांडं सुटून बॉनेटवर पडलं. समोर बघतच, सवयीने, तो म्हणाला, "कोन उतरायचंय?"

"तुमी," नागुबाई म्हणाली.

तेव्हा त्याने डोळे बारीक करून काचेबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. विशाखा पोरीला छातीशी धरून दचकून उठली होती. नागुबाईने मागे न वळताच सांगितलं, "त्यांना दिसत न्हाई, विशाखा. मला ठाऊक होतं. चूक माझी हाय."

नरसिंग उतरला आणि गाडीला हात लावत लावत मागून डाव्या बाजूला आला. नागुबाई मागे गेली, लुंबिनीला कुशीत घेऊन बसली. विशाखाने गाडी मागे घेऊन कडेला लावली आणि पुढचा रस्ता बघत तशीच बसून राहिली. नांदेडच्या बाहेर तिने कधी गाडी नेली नव्हती. तिने गिअर टाकला, काढला, पुन्हा टाकला. ते नरसिंगला दिसलं की नाही, कोण जाणे.

"नागू, डबा दे," तो म्हणाला.

भूक लागली असेल म्हणून तिने डबा पुढे केला. त्याने तो मांडीवर ठेवला, चाचपून चमचा घेतला आणि झाकणावर दोनदा वाजवला. विशाखाने हळूच क्लच सोडला.